गुन्ह्याआधीची शिक्षा

मुंबईत पोलिसांचा विषय निघाला की बोलणे दोनपैकी एका वाटेने जाते. एक वाट अभिमानाची. स्कॉटलंड यार्डशी केली जाणारी बरोबरी आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात लाठीच असताना अजमल कसाबची रायफल धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे ही तिथली ठरलेली उदाहरणे. दुसरी वाट संतापाची: हप्ता, कोठडीतली मारहाण, बनावट चकमकी. दोन्हींत तथ्य आहे. पण या शहरातल्या फार मोठ्या लोकसंख्येला पोलीस भेटतात ते या दोन्हींच्या मधल्या, रोजच्या कारभारात. चॅप्टर केस, तडीपारी, जमावबंदी, रात्रीचे कोंबिंग, सणासुदीच्या आधी ठाण्यातून येणारे बोलावणे, सिग्नलवरून उचलून भिक्षेकरी गृहात होणारी रवानगी असा तो कारभार आहे.

या कारभारात बहुतेक वेळा गुन्हा घडलेला नसतो. तो घडेल असा पोलिसांचा अंदाज असतो. त्या अंदाजावर माणसाला बसवून ठेवले जाते, त्याच्याकडून बंधपत्र घेतले जाते किंवा त्याला शहराबाहेर घालवले जाते. कायद्याच्या भाषेत ही शिक्षा नसते, ‘प्रतिबंधक कारवाई’ असते, आणि म्हणून शिक्षेसाठी लागणारा पुरावा इथे लागत नाही. शहरावरचे सामाजिक नियंत्रण मुख्यतः याच दाराने चालते. पोलीस सुधारणांची चर्चा बदल्या, नेमणुका आणि तपासाच्या दर्जाभोवती फिरते आणि हे दार तिच्या नजरेतून सुटते. मुंबईच्या पोलिसी नियंत्रणाचा हा आढावा त्याच दाराशी उभे राहून घेतला आहे.

वसाहतीने आखलेली चौकट

मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त फ्रँक साउटर १८६४ मध्ये नेमले गेले. त्यांच्याआधी शहराच्या पोलिसांवर छाप होती ती चार्ल्स फोर्जेट यांची. मराठी आणि हिंदुस्थानी उत्तम बोलणारा हा अधिकारी वेषांतर करून वस्त्यांतून हिंडत असे. १८५७ मध्ये त्याने असेच कान लावून शिपायांमधला कट हुडकला आणि त्या ऑक्टोबरात एस्प्लनेडच्या मैदानात दोघांना तोफेच्या तोंडी दिले गेले. शहराची खबर आधी काढायची आणि काही घडण्यापूर्वी हात घालायचा, ही पद्धत तेव्हापासूनची.

१८६१ चा देशव्यापी पोलीस कायदा मुंबई शहराला लागू नव्हता. शहरासाठी १९०२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात आयुक्ताच्या हाती मोठी सत्ता एकवटली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, वाद्ये कुठे वाजतील, कोणत्या माणसाने शहरात राहायचे नाही, हे सारे एक कार्यालय ठरवू लागले. १९११ च्या मोहरममध्ये गोळीबार झाला. त्यानंतर आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी नियम इतके आवळले की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून निघणाऱ्या टोळ्यांच्या मिरवणुका बंद पडल्या. त्या मिरवणुकांत हाणामाऱ्या होत, हे खरे. पण त्या गरीब कामगार वस्त्यांच्या होत्या आणि त्यांत हिंदूही सामील होत, हेही तितकेच खरे. एका हुकमाने शहराच्या सार्वजनिक जीवनाचा एक भाग पुसला गेला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई पोलीस कायदा आला. आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. राज्यकर्ते बदलले, पण १९०२ च्या कायद्यातले तडीपारीचे, जमावबंदीचे आणि मिरवणुकांचे अधिकार जवळपास तसेच नव्या कायद्यात उतरले. परक्या सत्तेला प्रजेवर जितका अविश्वास होता, तितकाच अविश्वास स्वतंत्र देशाच्या कायद्याने आपल्या नागरिकांवर दाखवला. पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ इथे आहे.

तडीपारीची फाईल

हे अधिकार प्रत्यक्षात कसे चालतात हे एका फाईलच्या प्रवासातून पाहावे. एखाद्या तरुणावर चार-पाच वर्षांत मारामारीचे, धमकावण्याचे दोन-तीन गुन्हे दाखल आहेत. एकाही खटल्यात शिक्षा झालेली नाही. ठाण्यात त्याच्या तडीपारीचा प्रस्ताव तयार होतो. दाखल गुन्ह्यांची यादी जोडली जाते. तिच्याखाली दोन गोपनीय जबाब लागतात: साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. नावे नाहीत, पत्ते नाहीत. मजकूर बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो: या इसमाने मला गल्लीत अडवले, चाकू दाखवला, खिशातले पैसे काढून घेतले, त्याच्या दहशतीमुळे मी तक्रार दिली नाही. सहायक आयुक्त कलम ५९ खाली नोटीस काढतात. तीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप तेवढे सांगणे कायद्याने पुरेसे आहे. माणूस खुलासा देतो, जमल्यास वकील देतो. उपायुक्त हुकूम काढतात: मुंबई शहर, उपनगर आणि ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतून इतक्या महिन्यांसाठी हद्दपार. मुदत दोन वर्षांपर्यंत. अपील करायचे तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे. कोर्टात या हुकमाला आव्हान देता येते ते मोजक्या कारणांवर.

या साऱ्या प्रवासात साक्षीदाराची उलटतपासणी कुठेही होत नाही. त्याने सांगितलेली घटना घडली का, हे कुणी तपासून पाहत नाही. माणूस मात्र त्या दिवसापासून घराबाहेर असतो. नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणाऱ्याला पुण्यात किंवा नाशकात ओळख नसते. भाड्याची खोली, म्हातारे आईवडील, शाळेतली पोरे मुंबईतच राहतात. तो रात्री लपून घरी आला आणि सापडला, तर मनाई हुकूम मोडल्याचा नवा गुन्हा दाखल होतो. पुढच्या प्रस्तावातल्या यादीत एक ओळ वाढते.

सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला वेळोवेळी पाठिंबा दिला. १९५२ मध्ये गुरबचन सिंग यांच्या प्रकरणात १९०२ च्या कायद्यातली तडीपारी घटनेला धरून असल्याचा निर्णय झाला. १९५६ मध्ये हरी खेमू गवळी यांच्या प्रकरणात नव्या कायद्यातली तरतूदही टिकली. १९७२ मध्ये पंढरीनाथ रांगणेकर यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की नोटिशीत बारीकसारीक तपशील द्यायला नकोत, कारण त्यावरून साक्षीदार ओळखू येईल. सूर बदलला तो अलीकडे. जालन्याच्या दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचे सांगितले. तिच्यामुळे माणूस स्वतःच्या घराला, कुटुंबाला आणि प्रसंगी रोजीरोटीलाही मुकतो, म्हणून ती क्वचितच वापरावी, असेही बजावले. सत्तर वर्षांनी का होईना, कायद्याला त्या घरातली माणसे दिसली.

चॅप्टर केसची गोष्ट याहून साधी आणि याहून जास्त लोकांना लागू होणारी. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १०७, १०९, ११० ही कलमे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६, १२८ आणि १२९ या क्रमांकांनी आली आहेत. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र माणसाकडून घ्यायचे, हा त्यांचा गाभा. आयुक्तालय असलेल्या शहरात कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे काम सहायक पोलीस आयुक्तच करतात. म्हणजे प्रस्ताव पोलिसांचा आणि सुनावणीही पोलिसांपुढे. जामीनदार मिळाला नाही तर माणूस आत जातो. ज्याच्या वस्तीत कुणाच्याच नावावर घर नाही, त्याला जामीनदार मिळणे कठीणच. त्यावर १९८१ चा ‘एमपीडीए’ कायदा आहे, ज्याखाली खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी तो केला गेला. नंतर त्याच्या यादीत इतर प्रकार वाढत गेले.

या अधिकारांच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. गल्लीतला गुंड खरा असतो, त्याची दहशत खरी असते आणि साक्षीला कुणी उभे राहत नाही हेही खरे. वस्तीतले लोकच कित्येकदा ‘याला एकदाचा तडीपार करा’ म्हणून ठाण्यात जातात. पण साक्षीदार घाबरतो याचा उपाय साक्षीदाराला संरक्षण देणे हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१७ पासून स्वतंत्र कायदाही आहे. तो नीट चालवण्यापेक्षा साक्षीदाराचे नाव झाकून आरोपीला घराबाहेर काढणे सोपे पडते, आणि सोपा मार्ग एकदा रुळला की अवघड मार्गावरून कुणी जात नाही.

जन्माने संशयित

हे अधिकार सर्वांवर सारखे चालत नाहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. आत राहणाऱ्यांनी हजेरी द्यायची आणि बाहेर जायचे तर परवानगी घ्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, वडार अशा जमाती विमुक्त झाल्या. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. त्यात जातीचे नाव नव्हते, पण ठाण्यांच्या वह्यांमध्ये आधीच असलेली नावे बदलली नाहीत. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचलेल्या मराठी वाचकाला घरात पोलीस शिरणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती.

त्याच १९५९ मधला दुसरा कायदा भिक्षा प्रतिबंधाचा. त्यातली भिक्षेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, एखादी वस्तू विकायला पुढे करणे, हे सारे निमित्त धरून पैसे मागणे म्हणजे भीक. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे हेही त्यात येते. नंदीवाला, डोंबारी, जोशी, पोतराज, सिग्नलवर फुगे विकणारे पारध्याचे पोर, सगळे एका ओळीत बसतात. वॉरंटशिवाय अटक होते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. शतकानुशतके गावोगाव फिरून कला दाखवणाऱ्यांचा व्यवसाय एका व्याख्येने गुन्हा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, तिथे लागू असलेल्या याच मुंबई कायद्याची शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. गरिबी हा गुन्हा असू शकत नाही, हे त्या निकालाचे सार. ज्या शहराच्या नावाने हा कायदा ओळखला जातो तिथे मात्र चेंबूरच्या केंद्रात रवानगी करण्याची व्यवस्था उभी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दोनदा या प्रश्नाला हात घातला. मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात मागास, वंचित समूहांतल्या निरपराधांची नावे केवळ पूर्वग्रहातून पोलिसांच्या वह्यांत जातात याची दखल घेतली आणि राज्यांना आपले नियम तपासायला सांगितले. ऑक्टोबरात सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. मुस्लिमांचे तुरुंगातले प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. विमुक्त, दलित, मुस्लिम, परप्रांतीय मजूर आणि बेघर यांच्यावर नजर आधी जाते, आणि जिथे नजर जास्त तिथे नोंदीही जास्त होतात. त्या नोंदी मग पुढच्या संशयाचा पुरावा म्हणून वापरल्या जातात.

नीतीची राखण

पोलिसी नियंत्रणाचे दुसरे मोठे क्षेत्र नीतिमत्तेचे आहे आणि त्याचा भार बायकांवर पडतो. डान्स बारचे प्रकरण यात सर्वांत बोलके. २००५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने पोलीस कायद्यात ३३ अ हे कलम घालून बारमधले नृत्य बंद करण्यात आले. सोबतच्या ३३ ब कलमाने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट दिली. कारण सांगितले गेले ते स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे आणि तरुणांच्या नीतीचे. एकच नाच साध्या बारमध्ये प्रतिष्ठा घालवतो आणि पंचतारांकित हॉटेलात घालवत नाही, असे कायद्याने मानले. विधिमंडळात या विधेयकाला जवळजवळ सर्वांनी पाठिंबा दिला.

नाचणाऱ्या बायकांशी जाऊन बोलले ते स्त्री चळवळीतले गट आणि एसएनडीटीचे अभ्यासक. त्यांच्या पाहणीतून दिसले की यातल्या अनेकजणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींमधून आल्या होत्या आणि घर त्यांच्याच कमाईवर चालत होते. १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शासनाने २०१४ मध्ये सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणली, २०१६ मध्ये अटींनी भरलेला नवा कायदा केला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटीही रद्द केल्या. कोर्टात शासन हरत गेले. पण ही चौदा वर्षे त्या बायकांच्या आयुष्यातली होती. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी घातली असे सांगितले, त्यांच्या पर्यायी रोजगाराची पुरेशी तरतूद त्यात नव्हती.

नीतीची ही राखण घराच्या दारापर्यंतही जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेले. सगळे सज्ञान होते आणि त्यांनी स्वतःच्या ओळखपत्रांवर खोल्या घेतल्या होत्या. बंद खोलीतल्या माणसांवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तना’चे कलम लावले गेले, १,२०० रुपये दंड घेतला गेला आणि काही मुलींच्या घरी फोन गेले. बोभाटा झाल्यावर आयुक्तांनी चौकशी लावली. या घटनेत दंडाची रक्कम क्षुल्लक आहे, घरी गेलेला फोन क्षुल्लक नाही. त्या फोनने पोलीस ठाणे आणि घरातली वडीलधारी सत्ता एकमेकांना जोडली गेली, आणि मुलीला खरी शिक्षा कुठे भोगावी लागणार हे फोन करणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

रस्ता कुणाचा

हुतात्मा चौकातून जाणाऱ्या मुंबईकराला २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराची आठवण करून द्यावी लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांना शंभराहून अधिक माणसे बळी पडली. हे राज्य जमावबंदी मोडणाऱ्यांच्या रक्तावर उभे आहे. त्याच राज्यात पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र येऊ नये असा पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई हुकूम पंधरा-पंधरा दिवसांनी नव्याने निघतो आणि शहराला त्याची सवय होऊन जाते. हुकूम रोज कुणावर बजावला जात नाही. तो खिशात असतो. लग्नाची वरात आणि सत्ताधाऱ्यांची मिरवणूक निघते, मात्र कामगारांचा मोर्चा निघणार असला की तो बाहेर काढता येतो. गेल्या तीन दशकांत न्यायालयीन आदेशांनी आणि नियमांनी दक्षिण मुंबईतली आंदोलने आझाद मैदानाच्या एका भागात आणून ठेवली. वाहतुकीची सोय झाली, पण ज्यांना ऐकवायचे त्यांच्या कानांपासून आवाज दूर गेला.

फुटपाथचेही तसेच. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना शहराबाहेर पाठवण्याचे ठरवले आणि भर पावसाळ्यात झोपड्या तोडून माणसांना बसमध्ये बसवले गेले. त्यातून झालेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य केले, आणि पुरेशी सूचना देऊन झोपड्या हटवायलाही परवानगी दिली. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा आला, पण परवान्याचे घोंगडे भिजतच राहिले. परवाना नसलेला फेरीवाला रोज कुणाच्या तरी मर्जीवर धंदा लावतो. हप्त्याचा उगम या मर्जीत आहे. त्याला शिपायाच्या लोभाचे नाव देऊन भागत नाही.

गोळी

या नियंत्रणाचे शेवटचे टोक बंदूक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली. ९०० मृत्यूंपैकी ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ अज्ञात. मृत्यूच्या कारणांत पोलीस गोळीबाराचे ३५६ आहेत, भोसकाभोसकीचे ३४७. दंगलखोरांच्या सुऱ्यांपेक्षा पोलिसांच्या गोळ्यांनी अधिक माणसे गेली. आयोगाने सुलेमान बेकरी आणि हरी मशीद इथल्या गोळीबाराची कडक चिकित्सा केली, पोलीस दलातल्या जातीय पूर्वग्रहावर बोट ठेवले आणि ३१ पोलिसांना जबाबदार धरले. शासनाने १९९८ मध्ये अहवाल मांडला तो निष्कर्ष नाकारूनच. नोव्हेंबर २०२२ मध्ये, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने राज्य तेव्हा कायदा आणि सुव्यवस्था राखण्यात अपयशी ठरले असे म्हटले आणि नुकसानभरपाईचे आदेश दिले.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. जमाव गॅसचा टँकर पेटवायला निघाला होता, असे समर्थन पुढे आले. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाला ते पटले नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला दोषी ठरवून जन्मठेप दिली. अशी शिक्षा हा अपवाद आहे आणि त्यासाठी वस्तीला बारा वर्षे लढावे लागले.

चकमकींचा काळ ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला तिथून मोजतात. नव्वदच्या दशकात चकमक हे धोरणच झाले. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात १९९५ ते १९९७ मधल्या मुंबईतल्या ९९ चकमकींचा, सुमारे १३५ मृत्यूंचा प्रश्न होता. शहराने चकमकी करणाऱ्या अधिकाऱ्यांना नायक केले, त्यांच्यावर सिनेमे निघाले. २०१४ मध्ये न्यायालयाने प्रत्येक चकमकीचा स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी अशी नियमावली घालून दिली. नोव्हेंबर २००६ मधल्या रामनारायण गुप्ता उर्फ लखन भैया प्रकरणात चकमक बनावट ठरली आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. ज्या समाजाला पुराव्याशिवाय तडीपारी चालते, त्याला हळूहळू पुराव्याशिवाय गोळीही चालू लागते, असा या चाळीस वर्षांचा धडा आहे.

कॅमेऱ्याची नजर

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीच्या शिफारशींतून शहरभर कॅमेरे बसवण्याचे काम सुरू झाले आणि २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले. पुढे ते वाढतच गेले. अपघात, सोनसाखळी चोऱ्या, हरवलेली मुले यांच्या तपासात त्यांचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण चित्रण किती दिवस ठेवायचे, कुणी पाहायचे, चेहरा ओळखणारी प्रणाली कुणावर चालवायची, याविषयी राज्याचा स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २०१७ चा. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मात्र शासकीय यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली. जुन्या वहीतली नावे नव्या यंत्रात गेली की जुना पूर्वग्रह यंत्राच्या तोंडून येतो आणि त्याच्याशी वाद घालणे आणखी कठीण होते.

कॅमेरा उलट्या दिशेनेही लागायला हवा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण जपण्याचा आदेश दिला. रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांसाठी दिसलेली तत्परता इथे दिसली नाही.

शिपायाची बाजू

हे सारे ज्याच्या हातून होते तो शिपाई या व्यवस्थेत सुखी नाही. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या राहिल्या. बारा तास ड्युटी, वर बंदोबस्त, रद्द होणारी रजा. गिरणी संप चालू असताना ऑगस्ट १९८२ मध्ये शिपायांनी असंतोष रस्त्यावर आणला तेव्हा शासनाने सैन्य आणि केंद्रीय दले बोलावून तो मोडला. नेत्यांना बडतर्फ केले आणि संघटनेची मान्यता काढून घेतली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे सामूहिकपणे मांडता येत नाही, त्याच्याकडून मोर्चेकऱ्यांच्या हक्काची कदर अपेक्षिणे अवघड आहे.

सुधारणेची एक वाट खालूनही निघाली. देवनार ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळीचा आराखडा मांडला, आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये तो तिथे राबवला आणि पुढे शहरातल्या इतर ठाण्यांत नेला. करोनाच्या काळात तो विस्कटला. तरी मनुष्यबळ तेवढेच असताना नियोजनाने काय होऊ शकते हे त्याने दाखवले.

काय जमले, काय राहिले

चांगले पोलीसकाम कसे असते याचे उदाहरण मुंबईच्या शेजारीच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले अशा दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांना पोलिसांसोबत नियमित बसवले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईत हे काम नेले. खबर काढण्यासाठी वस्तीत जाणे आणि वस्तीचे ऐकण्यासाठी जाणे यांतला फरक या प्रयोगाने प्रत्यक्ष दाखवला.

न्यायालयांनीही पुष्कळ दिले. मुंबईतल्या कोठडीतल्या स्त्रियांविषयी शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठडीचे आदेश निघाले, १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम, २००६ मध्ये प्रकाश सिंग प्रकरणात पोलीस तक्रार प्राधिकरणाचे निर्देश. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून प्राधिकरणाची तरतूद केली. पण हे सारे अटक, कोठडी आणि चकमक यांच्याभोवती आहे. अटकेपर्यंत न पोचणारी, बंधपत्र, नोटीस आणि तडीपारीवर थांबणारी रोजची कारवाई त्यातून निसटते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक ठाण्याने वर्षाला किती चॅप्टर केसेस, किती तडीपारीचे प्रस्ताव, किती स्थानबद्धता केल्या आणि त्यांतल्या किती अपिलात टिकल्या, हे जाहीर करावे. दाखल गुन्हे आणि शिक्षेचे प्रमाण दरवर्षी छापले जाते, तसेच हेही छापावे. चॅप्टर केसेसची सुनावणी पोलीस अधिकाऱ्याकडून काढून न्यायदंडाधिकाऱ्याकडे द्यावी. तडीपारीच्या नोटिशीबरोबरच मोफत वकील मिळावा, आणि गोपनीय जबाब देणारा साक्षीदार खरोखर आहे का हे न्यायाधीशाने बंद खोलीत त्याला भेटून पाहावे. भिक्षा प्रतिबंध आणि सराईत गुन्हेगार हे १९५९ चे दोन्ही कायदे रद्द करून बेघरांची जबाबदारी समाजकल्याण खात्याने पुनर्वसनाच्या अंगाने घ्यावी. कॅमेऱ्यांसाठी कायदा करावा. आठ तासांची पाळी कायमची करावी. यातल्या एकाही गोष्टीने गुन्हेगाराला पकडण्याचा पोलिसांचा अधिकार कमी होत नाही. उलट, अंदाजावर खर्च होणारे मनुष्यबळ तपासाकडे वळेल.

या मागण्यांसाठी मोर्चे निघत नाहीत, कारण ज्यांच्यावर ही कारवाई होते त्यांना मोर्चा काढणेच महाग पडते. मध्यमवर्गीय मुंबईकराच्या दारावर तडीपारीची नोटीस सहसा येत नाही, त्यामुळे त्याला ती सुरक्षेची किंमत वाटते, आणि ती दुसराच कुणी भरतो. राज्यघटनेने मात्र संशयितांसाठी वेगळे नागरिकत्व ठेवलेले नाही. पुराव्याशिवाय कुणालाही घरातून काढता येऊ नये, हा हक्क धारावीतल्या आणि गोवंडीतल्या माणसाला मिळाला, तरच तो दादरमधल्या आणि विलेपार्ल्यातल्या माणसाकडे खात्रीने राहील.